अमेरिकेची घटना आणि एका कंपनीची सनद

शाळेत नागरिकशास्त्राच्या पेपरात एक प्रश्न हमखास यायचा: ब्रिटन आणि अमेरिका यांच्या राज्यघटनांतील फरक स्पष्ट करा. उत्तर तोंडपाठ असायचं. ब्रिटनची अलिखित, अमेरिकेची लिखित. ब्रिटनची लवचिक, अमेरिकेची परिदृढ. तिकडे पार्लमेंट सार्वभौम, इकडे घटना सर्वोच्च. एवढं लिहिलं की गुण मिळायचे आणि विषय संपायचा.

खरा प्रश्न मात्र त्यानंतर सुरू होतो. अमेरिकेच्या किनाऱ्यावर वसाहती करणारी ही मंडळी इंग्रजच होती. भाषा तीच, न्यायालयं त्याच धर्तीची, मॅग्ना कार्टाचा अभिमानही तोच. क्रॉमवेलच्या काळातला एक अल्पजीवी प्रयोग सोडला, तर इंग्लंडनं आपली घटना कधी एका कागदावर उतरवली नाही. मग त्यांच्याच भाऊबंदांना समुद्रापलीकडे गेल्यावर लिखित घटनेवाचून राज्य चालवणं अशक्य का वाटू लागलं?

नेहमीचं उत्तर तत्त्वज्ञांकडे बोट दाखवतं. लॉक, माँटेस्क्यू वगैरे. त्यांची पुस्तकं अमेरिकेत वाचली गेली, यात शंका नाही. पण लॉकचा राज्यशासनावरचा ग्रंथ आला १६८९ मध्ये, माँटेस्क्यूचा १७४८ मध्ये. त्याच्या कितीतरी आधीपासून मॅसॅच्युसेट्स आणि व्हर्जिनियातली माणसं एका कागदाच्या आधारानं कारभार चालवत होती, त्या कागदावरून भांडत होती. तो कागद धंद्यासाठी केलेला होता: व्यापारी कंपनीला राजानं दिलेली सनद. माझ्या मते अमेरिकी घटनेची मुळं शोधायची तर तत्त्वज्ञांच्या कपाटाआधी या सनदा उघडाव्यात.

पैसा व्यापाऱ्यांचा, शिक्का राजाचा

सतराव्या शतकाच्या सुरुवातीला इंग्लंडच्या राजाला अमेरिकेत पाय रोवायचे होते, पण त्यासाठी तिजोरी उघडायची तयारी नव्हती. मग तो व्यापाऱ्यांच्या एखाद्या गटाला सनद द्यायचा. भांडवल तुम्ही उभारा, जहाजं तुम्ही पाठवा, बुडालात तर तुमचं नशीब. सोनं-चांदी सापडली तर पाचवा हिस्सा आमचा.

सनदेत काय असायचं ते आपल्याकडच्या गृहनिर्माण सोसायटीच्या उपविधींवरून चटकन कळेल. सभासद कोण, सर्वसाधारण सभा वर्षातून किती वेळा, कार्यकारिणी कशी निवडायची, अध्यक्षाचे अधिकार कुठवर, हे सगळं आधी ठरलेलं. सभेला ठराव करायची मुभा असते, पण उपविधींच्या बाहेर जाऊन केलेला ठराव उपनिबंधकाच्या टेबलावर टिकत नाही. कंपन्यांचंही तसंच होतं. नियम खुशाल करा, मात्र ते इंग्लंडच्या कायद्यांच्या विरोधात जाता कामा नयेत, ही अट या सनदांत असायचीच.

व्हर्जिनिया कंपनीला १६०६ मध्ये अशी सनद मिळाली. पुढच्या वर्षी शंभराहून थोडी अधिक माणसं जेम्सटाउनला उतरली आणि त्यातली बरीचशी तापानं, उपासमारीनं मेली. नवे लोक यावेत म्हणून कंपनीनं १६१९ मध्ये एक आमिष दाखवलं: वसाहतीचे नियम करण्यात तुमचेही प्रतिनिधी असतील. ३० जुलै १६१९ ला जेम्सटाउनच्या चर्चमध्ये ही सभा भरली. अकरा वस्त्यांतून प्रत्येकी दोन, असे बावीस प्रतिनिधी आले होते. त्यातल्या दोघांना मात्र बसू दिलं नाही. ते कॅप्टन जॉन मार्टिनच्या जमिनीवरचे होते आणि मार्टिनकडे असलेल्या दस्तऐवजानुसार वसाहतीचे नियम त्याला लागू नव्हते. ज्याला आमचे नियम बंधनकारक नाहीत, त्याच्या माणसांनी आमच्यासाठी नियम का करावेत? अमेरिकेतल्या पहिल्या लोकप्रतिनिधी सभेनं सुरुवातीलाच केलेलं काम म्हणजे ही कागदपत्रांची छाननी. उकाडा एवढा होता की एक सदस्य दगावला आणि ४ ऑगस्टला सभा आटोपती घ्यावी लागली. त्याच महिन्याच्या अखेरीस वीसेक आफ्रिकी माणसांना घेऊन एक जहाज त्याच वसाहतीच्या किनाऱ्याला लागलं, आणि धान्याच्या बदल्यात त्या माणसांचा सौदा झाला. सभा आणि गुलामी, दोन्हींचा उन्हाळा एकच.

१६२० च्या नोव्हेंबरात ‘मेफ्लॉवर’ जहाज केप कॉडला पोचलं, तेव्हा उलटीच पंचाईत झाली. जहाजावरच्या मंडळींकडचा परवाना व्हर्जिनिया कंपनीच्या हद्दीपुरता होता आणि ते त्या हद्दीच्या बाहेर आले होते. इथे आमच्यावर कुणाची सत्ता चालत नाही, असं काही प्रवासी उघड बोलू लागले. तेव्हा जहाजावरच एक छोटा करार लिहून एकेचाळीस पुरुषांनी त्यावर सह्या केल्या. वरून आलेला कागद लागू होत नसेल, तर आपण आपला लिहायचा.

सनद जहाजात चढते

खरी गंमत झाली ती मॅसॅच्युसेट्स बे कंपनीच्या बाबतीत. पहिल्या चार्ल्स राजानं मार्च १६२९ मध्ये तिला सनद दिली. एक गव्हर्नर, एक उपगव्हर्नर, अठरा सहायक आणि ‘जनरल कोर्ट’ म्हणजे सभासदांची सर्वसाधारण सभा, वर्षातून चार वेळा. सगळं नेहमीच्या साच्यातलं. फक्त सभा कुठे भरवायची, हे त्यात लिहिलेलंच नव्हतं. अशा कंपन्यांचं कार्यालय लंडनमध्ये असे, त्यामुळे राजाची नजर कारभारावर राहत असे. ही जागा चुकून कोरी राहिली की कुणी मुद्दाम ठेवली, यावर इतिहासकार आजही वाद घालतात.

कंपनीतले बरेचसे भागधारक प्युरिटन पंथाचे होते आणि राजाच्या चर्चला कंटाळले होते. ऑगस्ट १६२९ मध्ये त्यांच्यातल्या बारा जणांनी केंब्रिजला ठरवलं की जायचं तर सनद आणि कारभार, दोन्ही बरोबर घेऊनच. जॉन विंथ्रॉप नावाच्या वकिलाला गव्हर्नर निवडलं गेलं. १६३० मध्ये सनद जहाजातून बॉस्टनला आली, आणि कंपनीचं मुख्यालयच राजापासून तीन हजार मैल लांब गेलं.

आता कंपनीचा सभासद म्हणजे वसाहतीचा मतदार, कंपनीची सभा म्हणजे विधिमंडळ आणि सनद म्हणजे तिथली राज्यघटना. अर्थात सभासद कोणाला करायचं, हे विंथ्रॉपच्या मंडळींच्या हातात होतं. १६३१ मध्ये त्यांनी दार थोडं किलकिलं केलं: मान्यताप्राप्त चर्चचा सदस्य असलेल्या पुरुषालाच मत. कायदे करायचं काम तर त्यांनी सहायकांच्या छोट्या मंडळाकडेच ठेवलं होतं.

हे तीन वर्षं चाललं. १६३२ मध्ये तटबंदीसाठी कर बसला, तेव्हा वॉटरटाउनच्या लोकांनी कुरकुर केली की आम्हाला न विचारता कर कसा? पण स्फोट झाला तो १६३४ मध्ये. गावोगावचे प्रतिनिधी विंथ्रॉपकडे गेले आणि म्हणाले, मूळ सनद दाखवा. त्यांनी ती वाचली. कायदे करायचा अधिकार सर्व सभासदांच्या सभेला आहे, असं तिच्यात स्वच्छ लिहिलेलं होतं. त्या मे महिन्यातल्या निवडणुकीत विंथ्रॉपचं गव्हर्नरपद गेलं आणि थॉमस डडली आला. तेव्हापासून प्रत्येक गावानं आपले प्रतिनिधी पाठवायचे, असं ठरलं. सत्ताधारी आणि जनता एकाच कागदावर बोट ठेवून भांडताहेत आणि कागदाचा निकाल दोघंही मानताहेत, ही सवय इथे लागली.

डुकरिणीनं केलेली दोन सभागृहं

मॅसॅच्युसेट्समध्ये एकाची दोन सभागृहं झाली ती एका डुकरिणीमुळे.

१६३६ मध्ये बॉस्टनचा श्रीमंत व्यापारी रॉबर्ट कीन याच्याकडे एक भटकी डुकरीण आली. त्यानं गावात दवंडी पिटवली, पण कोणी मालक पुढे आला नाही. सुमारे वर्षभरानं त्यानं आपली स्वतःची डुकरीण कापली. त्यानंतर एलिझाबेथ शर्मन नावाची गरीब बाई हजर झाली. भटकी डुकरीण तिला दाखवली, तर ती तिची नव्हती. मग ती म्हणू लागली की कापलीस तीच माझी. चर्चनं कीनला निर्दोष ठरवलं, न्यायालयानंही. एवढ्यावर न थांबता कीननं उलट बदनामीचा दावा लावून भरपाई मिळवली. हा कीन आधीच लोकांच्या मनातून उतरलेला होता. चढ्या भावानं माल विकल्याबद्दल १६३९ मध्ये त्याला दंड झाला होता. डुकरिणीचा प्रश्न आता गरीब विरुद्ध श्रीमंत असा झाला.

१६४२ मध्ये प्रकरण जनरल कोर्टापुढे आलं. तेव्हा सहायक आणि गावांचे प्रतिनिधी एकत्रच बसत. सात दिवस चर्चा झाली. शर्मनबाईंच्या बाजूनं दोन सहायक आणि पंधरा प्रतिनिधी, कीनच्या बाजूनं सात सहायक आणि आठ प्रतिनिधी, बाकीचे सात प्रतिनिधी कुंपणावर. एकूण डोकी मोजली तर बाई सतरा विरुद्ध पंधरा अशा पुढे होत्या. पण सहायकांचं बहुमत विरोधात असताना ठराव होऊ शकतो का? होतो, असं प्रतिनिधी म्हणत; आमचा नकार म्हणजे नकार, असं सहायक म्हणत. सनद काढली गेली, कलमांचा कीस पाडला गेला. अखेर १६४४ मध्ये दोन्ही गट वेगवेगळे बसू लागले, आणि कायदा व्हायला दोघांचीही संमती हवी असं ठरलं. बाईंना डुकरीण मिळाली नाही ती नाहीच. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाचं अधिकृत नाव आजही ‘जनरल कोर्ट’ आहे आणि त्याची सभागृहं दोन आहेत.

जमीन मुळात कोणाची?

सनदेवर सगळ्यात अवघड बोट ठेवलं ते रॉजर विल्यम्स या धर्मोपदेशकानं. राजानं तुम्हाला जमीन दिली म्हणता, पण ती राजाची होती कधी? ती इथल्या मूळ रहिवाशांची. घ्यायची तर त्यांच्याकडून घ्या. हा मुद्दा मान्य केला असता तर अख्खी वसाहतच बेकायदा ठरली असती. हे आणि धर्माबाबतची त्याची इतर मतं असह्य होऊन १६३५ मध्ये त्याला हद्दपारीची शिक्षा झाली. ऐन हिवाळ्यात तो दक्षिणेला गेला आणि नॅरगॅन्सेट लोकांच्या प्रमुखांकडून जमीन घेऊन त्यानं प्रॉव्हिडन्स वसवलं. पुढे शेजारच्या वसाहती ती जमीन गिळायला टपल्या, तेव्हा याच विल्यम्सला लंडनला जाऊन सनद आणावी लागली. त्याची वसाहत म्हणजे ऱ्होड आयलंड. तिला १६६३ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं नवी सनद दिली, आणि तिच्यात धर्मस्वातंत्र्याचं स्पष्ट वचन होतं.

> चौकट: त्याच साच्यातली आपली कंपनी
>
> ईस्ट इंडिया कंपनीही अशाच सनदेवर उभी होती. तारीख ३१ डिसेंबर १६००. एक गव्हर्नर आणि चोवीस जणांची समिती. १६६८ मध्ये दुसऱ्या चार्ल्सनं वर्षाला दहा पौंड सोन्याच्या भाड्यानं तिला मुंबई देऊन टाकली. मग मुंबईचं मॅसॅच्युसेट्स का झालं नाही? कारण या कंपनीची सनद आणि भागधारक लंडनमध्येच राहिले. मॅसॅच्युसेट्सचे भागधारक स्वतः वसाहतीत राहायला गेले आणि मतदार झाले. मुंबईत राहणारा माणूस, मग तो कोळी असो, गुजराती व्यापारी असो की पोर्तुगीज, कंपनीचा सभासद नव्हता. तिच्या कारभाराचा विषय होता.

भावाबहिणीचा वाद आणि रद्द झालेला कायदा

विधिमंडळानं रीतसर केलेला कायदा न्यायालय रद्द करू शकतं, ही गोष्ट भारतात आपल्याला आता नवी नाही. ब्रिटनमध्ये मात्र पार्लमेंटचा कायदा न्यायालय रद्द करत नाही. वसाहतींतल्या लोकांना कायदा असा रद्द होण्याचा प्रकार ओळखीचा होता, आणि त्यातलं सर्वांत गाजलेलं उदाहरण पुन्हा विंथ्रॉपांच्याच घरातलं आहे.

बॉस्टनला सनद आणणाऱ्या जॉन विंथ्रॉपच्या मुलानं १६६२ मध्ये कनेक्टिकटसाठी वेगळी सनद मिळवली. या मुलाचा मुलगा वेट विंथ्रॉप १७१७ मध्ये मृत्युपत्र न करता वारला. मागे मुलगा जॉन आणि मुलगी अ‍ॅन. इंग्लंडच्या रिवाजाप्रमाणे जमीन सगळी थोरल्या मुलाची. कनेक्टिकटचा कायदा वेगळा होता: सर्व मुलांना वाटा, थोरल्या मुलाला दुप्पट. म्हणजे अ‍ॅनला एक तृतीयांश. जॉनला ते मंजूर नव्हतं. कनेक्टिकटच्या न्यायालयांत हरल्यावर तो लंडनला गेला आणि राजाच्या प्रिव्ही कौन्सिलपुढे त्यानं आजोबांनी आणलेल्या सनदेतलंच कलम ठेवलं: इंग्लंडच्या कायद्याविरुद्ध जाणारे नियम करायचे नाहीत. १७२८ मध्ये कौन्सिलनं निकाल दिला की कनेक्टिकटचा वारसा कायदा सनदेबाहेरचा आहे, म्हणून तो रद्द. बहिणीचा वाटा बुडाला. जॉन इंग्लंडमध्येच राहिला.

कनेक्टिकटमध्ये गहजब झाला, कारण शेकडो घरांच्या वाटण्या त्या कायद्याने झालेल्या होत्या. पुढे अशाच एका खटल्यात कौन्सिलनं वेगळी भूमिका घेतली आणि तिथली पद्धत टिकली. पण विधिमंडळाच्या डोक्यावर एक कागद असतो आणि त्याच्याशी विसंगत कायदा कायदाच नसतो, हे मात्र पक्कं झालं. १८०३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयानं मार्बरी खटल्यात हेच तत्त्व काँग्रेसच्या कायद्याला लावलं. फरक इतकाच की आता वरचा कागद घटनेचा होता.

कागदाला हात लावला तेव्हा

सनद देणारा ती काढूनही घेऊ शकतो. १६८४ मध्ये मॅसॅच्युसेट्सची सनद लंडनच्या न्यायालयानं रद्द केली. कनेक्टिकटची सनद ताब्यात घ्यायला एडमंड अँड्रॉस हा राजाचा गव्हर्नर १६८७ मध्ये हार्टफर्डला गेला, तेव्हा म्हणे बैठकीतल्या मेणबत्त्या अचानक विझल्या, आणि पुन्हा उजेड झाला तेव्हा सनद टेबलावर नव्हती. ती एका ओकच्या ढोलीत दडवली गेली होती. ही आख्यायिका आहे. पण १८५६ मध्ये वादळात तो ओक कोसळला, तेव्हा लोकांनी त्याच्या लाकडाचे तुकडे आठवण म्हणून जपले, हे खरं. १६८९ मध्ये बॉस्टनकरांनी अँड्रॉसला कैद केलं आणि १६९१ मध्ये मॅसॅच्युसेट्सला नवी सनद मिळाली. तिच्यात गव्हर्नर राजाचा, पण त्याचं सल्लागार मंडळ लोकप्रतिनिधींच्या सभेनं निवडायचं, अशी तडजोड होती.

१६ डिसेंबर १७७३ च्या रात्री बॉस्टन बंदरात चहाच्या ३४२ पेट्या फोडून पाण्यात टाकल्या गेल्या. चहा ईस्ट इंडिया कंपनीचा होता. ही गोष्ट सर्वांना माहीत असते. त्यापुढचं पाऊल जास्त महत्त्वाचं आहे आणि ते क्वचित सांगितलं जातं. १७७४ मध्ये पार्लमेंटनं कायदा करून १६९१ च्या सनदेतली कलमं परस्पर बदलली: सल्लागार मंडळ राजा नेमणार, गावसभा गव्हर्नरच्या परवानगीशिवाय वर्षातून एकदाच. आदल्याच वर्षी पार्लमेंटनं ईस्ट इंडिया कंपनीच्या कारभारालाही ‘रेग्युलेटिंग अ‍ॅक्ट’नं लगाम घातला होता. लंडनच्या दृष्टीनं दोन्ही सारखंच, पार्लमेंटच्या अधिकारातलं. मॅसॅच्युसेट्सच्या शेतकऱ्याच्या दृष्टीनं मात्र घराचं खरेदीखतच कुणीतरी त्याला न विचारता खोडलं होतं. सप्टेंबर १७७४ मध्ये वूस्टरच्या रस्त्यावर साडेचार हजारांवर माणसं दुतर्फा उभी राहिली आणि राजाच्या न्यायाधीशांना, टोप्या हातात घेऊन, आम्ही या कायद्याखाली काम करणार नाही असं पुन्हा पुन्हा वाचत त्यांच्यामधून चालत जावं लागलं. स्वातंत्र्ययुद्धाची पहिली गोळी सुटायला अजून सात महिने होते.

राजा गेला, आता सनद देणार कोण?

१७७६ मध्ये राजाशी नातं तुटलं आणि एक विचित्र पोकळी तयार झाली. कागदावाचून राज्य चालवायची सवय नव्हती. कागद देणारा तर गेला होता. बहुतेक राज्यांत विधिमंडळांनीच घटना लिहून टाकल्या. मॅसॅच्युसेट्सच्या कॉन्कॉर्ड गावाच्या सभेनं ऑक्टोबर १७७६ मध्ये त्यातली खोच दाखवली: जे विधिमंडळ घटना लिहील, ते ती बदलूही शकेल; मग तिचा आम्हाला आधार काय? तिच्यासाठी वेगळी सभा निवडा. १७७८ मध्ये विधिमंडळानं लिहिलेला मसुदा गावांनी फेटाळला. मग खास सभा बोलावली गेली. मुख्य मसुदा जॉन अ‍ॅडम्सनं लिहिला, गावसभांनी तो कलमवार तपासला आणि १७८० मध्ये तो लागू झाला. दुरुस्त्यांसह तो आजही चालू आहे. राजाच्या शिक्क्याची जागा आता गावसभांच्या मतानं घेतली होती.

१७८७ मध्ये फिलाडेल्फियात देशाची घटना लिहिली, तेव्हा हीच पद्धत वापरली गेली. ३९ जणांनी सह्या केल्या, पण अंमल सुरू व्हायला तेरापैकी नऊ राज्यांतल्या खास निवडलेल्या सभांची मंजुरी लागणार होती. ऱ्होड आयलंडनं फिलाडेल्फियाला एकही प्रतिनिधी पाठवला नव्हता. त्यानं मंजुरी दिली ती सगळ्यांत शेवटी, मे १७९० मध्ये, ३४ विरुद्ध ३२ मतांनी.

या ऱ्होड आयलंडनं स्वतःसाठी नवी घटना लिहिलीच नाही. राजाचा उल्लेख गाळून १६६३ ची सनदच पुढे चालू ठेवली. कनेक्टिकटनंही १८१८ पर्यंत तेच केलं. पण सनदेत कोणत्या गावाला किती जागा हे कायमचं लिहिलेलं होतं: न्यूपोर्टला सहा, प्रॉव्हिडन्सला चार. गिरण्या उभ्या राहिल्या, प्रॉव्हिडन्स न्यूपोर्टच्या कितीतरी पुढे गेलं, तरी जागा चारच. मतदार ठरवायचं काम सनदेनं विधिमंडळाकडे सोपवलेलं, आणि त्यानं मत ठेवलं होतं जमीनमालकाला व त्याच्या थोरल्या मुलाला. गिरणी कामगाराला नाही. शिवाय दुरुस्ती कशी करायची, याचं कलमच सनदेत नव्हतं.

१८४१ मध्ये थॉमस डॉर या वकिलाच्या पुढाकारानं लोकांनी परवानगीविना आपली सभा भरवली, घटना लिहिली, मतदान घेतलं. १८४२ मध्ये डॉर तिच्याखाली गव्हर्नर म्हणून निवडून आला. एका छोट्या राज्यात एकाच वेळी दोन सरकारं. डॉरच्या माणसांनी प्रॉव्हिडन्सच्या शस्त्रागारावर चाल केली, पण त्यांच्या तोफा उडाल्याच नाहीत. त्याचं बंड मोडलं, तरी सनदवाल्यांनाही नवी घटना करावी लागली. ती १८४३ मध्ये लागू झाली आणि दुसऱ्या चार्ल्सचा कागद एकशे ऐंशी वर्षांनी निवृत्त झाला.

या धामधुमीत सनद सरकारच्या शिपायांनी डॉरच्या एका समर्थकाच्या घरात घुसून झडती घेतली होती. तो चांभार होता आणि त्याचं नाव, योगायोगानं, मार्टिन ल्यूथर. त्यानं दावा लावला: त्या दिवशी खरं सरकार डॉरचं होतं, म्हणून हे शिपाई म्हणजे घुसखोर. प्रकरण सर्वोच्च न्यायालयात गेलं. १८४९ मध्ये न्यायालयानं सांगितलं की दोनपैकी कोणतं सरकार खरं, हे ठरवणं न्यायालयाचं काम नाही; ते काँग्रेसनं आणि राष्ट्राध्यक्षांनी पाहावं. ल्यूथर दावा हरला.